फिरते मिस्त्री

घरोघर फिरून आपला धंदा करणाऱ्या माणसांची आपल्याकडे मोठी परंपरा होती. संवत्सरफल सांगणारे जोशीबुवा येत, भाता घेऊन कल्हईवाला येई, धनुकलीची तार वाजवीत पिंजारी येई, चातुर्मासांत पुराणिक येत, आणि वर्षांतून एकदां एखादे क्षेत्रोपाध्याय वंशावळीची चोपडी काखेंत घेऊन दूरच्या गांवाहून येत. यांपैकीं कोणाचेंहि दुकान नव्हतें. गिऱ्हाइकाचें घर हेंच त्यांचें दुकान, आणि त्या घराची माहिती हेंच त्यांचें भांडवल. कोणाकडे पितळेचीं पातेलीं किती, कोणाच्या पणजोबांचें मूळ गांव कोणतें, हें सर्व त्यांच्या ध्यानांत असे. आतां हीं माणसें बहुतेक दिसेनाशीं झालीं आहेत. परंतु त्याच वळणाचे एक गृहस्थ गेल्या दोन वर्षांत माझ्या परिचयाचे झाले असून, त्यांच्याविषयीं या महिन्यांत वाचकांना चार शब्द सांगावे असें मनांत आहे. हे गृहस्थ जुन्या मोटारगाड्या दुरुस्त करतात. आणि गाडी त्यांच्याकडे जात नाहीं, तेच गाडीकडे जातात.

त्यांचें नांव मी येथें देत नाहीं, कारण तशी त्यांचीच इच्छा आहे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मीहि तसेंच म्हणेन.

हकीकत अशी. कांदिवलीस पश्चिमेकडे डहाणूकरवाडींत आमच्या थोरल्या काकांचें घर आहे. काका गिरगांव सोडून तेथें राहावयास आले ते १९७२ सालीं, आणि येतांना आपली फियाट गाडी घेऊन आले. ती त्यांनीं १९६६ सालीं घेतलेली. नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर मिळालेली. त्या काळीं गाडीची वाट पाहणें हें मुलीच्या लग्नाची वाट पाहण्यासारखेंच होतें. पैसा हातांत असून भागत नसे, योगहि यावा लागे. काका २०१५ सालीं वारले. तेव्हांपासून गाडी इमारतीच्या मागच्या अंगणांत ताडपत्रीखालीं उभी होती. मुलें तिच्यावर पतंग वाळत घालीत, मांजरी तिच्याखालीं पिलें घालीत. चुलतबंधु दादा दर दसऱ्यास ताडपत्री वर करून झेंडूचा हार घालीत आणि पुन्हां झांकून ठेवीत.

पुढें इमारत पाडून नवी बांधण्याचें ठरलें. या उपनगरांत हल्लीं प्रत्येक आळींत हेंच चाललें आहे. अंगण अमुक तारखेच्या आंत मोकळें करून द्यावें अशी सूचना लागली, आणि नऊ वर्षें कोणाच्याहि ध्यानांत नसलेली गाडी एकाएकीं साऱ्या घराच्या बोलण्यांत आली. दादांच्या धाकट्या भावाचें म्हणणें कीं भंगारवाल्यास बोलवावें. नव्या इमारतींत गाड्या लोखंडी कप्प्यांत यंत्रानें वर चढवून ठेवणार, तेथें ही तेल गाळणारी म्हातारी कोण घेणार? पुतण्याचें म्हणणें कीं आजोबांची वस्तु आहे, ठेवावी. ठेवावी म्हणणारा पुण्यास राहतो, हें येथें सांगितलें पाहिजे. दादा दोघांच्याहि बाजूनें मान हालवीत. शेवटीं त्यांनीं मला विचारलें. मला मोटारींतलें ओ कीं ठो कळत नाहीं. परंतु निर्णयापूर्वीं रोग्यास वैद्य दाखवावा एवढें कळतें. पार्ल्याच्या एका स्नेह्यानें मिस्त्रींचा पत्ता दिला.

येथें थोडें मागें गेलें पाहिजे. नाहींतर अशा वैद्याची एवढी दुर्मिळता कां, हें वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. मुंबईचा आणि मोटारीचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर अशी घाटांतून मोटारींची कसोटी झाली, तींत रोल्स-रॉइसच्या एका गाडीनें मोठें नांव मिळविलें. १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें शिवडीस गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रथम डॉज व प्लिमथ या अमेरिकन बनावटीच्या गाड्या निघाल्या, आणि पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन १९५४ च्या सुमारास फियाट ११०० निघूं लागली. काकांची गाडी त्याच वंशांतली. तिचेंच पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ असें बारसें झालें. आमच्या कांदिवलींतहि पूर्वेस आकुर्ली रस्त्यावर महिंद्र कंपनीचा कारखाना आहे, आणि या भागांतल्या कित्येक घरांतून कोणी ना कोणी तेथें नोकरीस होतें.

फियाट गाडी मध्यमवर्गीय घरांत इतकीं वर्षें टिकली, याचें श्रेय आपण आपल्या जपणुकीस देतों. मिस्त्रींच्या मतें तें श्रेय टॅक्सीवाल्यांचें आहे. मुंबईंत हजारों काळ्या-पिवळ्या फियाट धांवत होत्या. त्यांच्यासाठीं सुटे भाग घाऊक बनत, आणि त्यांच्यासाठीं नाक्यानाक्यावर एखादा कारागीर पान्हे मांडून बसलेला असे. घरगुती फियाट ही त्या मोठ्या पंक्तींत बसलेली पाहुणी होती. वाढणें चाललें होतें टॅक्सीसाठीं, तिचेंहि पान भरत होतें. शेवटली पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली. मुंबईंत टॅक्सीचें आयुष्य वीस वर्षांचें ठरलेलें असल्यानें ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. लोकांनीं फुलें वाहिलीं, छायाचित्रें काढलीं. पंगत उठली, आणि घरगुती गाडी पानावर एकटी राहिली.

आतां मिस्त्रींविषयीं. वय एकाहत्तर. मूळ संगमेश्वराकडचे. तेराव्या वर्षीं मुंबईस आले आणि ऑपेरा हाउसच्या बाजूस एका उस्तादाच्या हाताखालीं लागले. पहिलीं दोन वर्षें केवळ रॉकेलांत भाग धुवावयाचे. पुढें तेंच गॅरेज ते चालवूं लागले. परंतु तीहि इमारत पाडली गेली, आणि नव्या भाड्यानें जागा घेणें त्यांच्या आटोक्याबाहेरचें होतें. तेव्हांपासून ते कळव्यास राहतात, आणि खांद्यावर एक कॅनव्हासची पिशवी टाकून लोकलनें हिंडतात. पूर्वीं विलायतेंत रोल्स-रॉइस कंपनी आपल्या गाड्यांच्या मालकांकडे फिरते तपासनीस पाठवीत असे. ते घरीं जाऊन गाडीची प्रकृति पाहत. जें सुख त्या श्रीमंतांस मिळत होतें तें आज बोरीवलीच्या एका निवृत्त कारकुनास मिळतें, तें या पिशवीमुळें.

दादांनीं दूरध्वनि केला तेव्हां त्यांनीं चार अटी सांगितल्या. मला त्या एखाद्या सूत्रग्रंथांतल्यासारख्या वाटल्या, म्हणून उतरून ठेवल्या. पहिली : मी येण्यापूर्वीं गाडी चालू करून पाहूं नका, थंड इंजिन खरें बोलतें, तापलेलें इंजिन लपवितें. दुसरी : गाडी धुवूं नका, आणि जमिनीवरचे डाग तर मुळींच पुसूं नका. तिसरी : सगळे कागद काढून ठेवा, फाटके असले तरी. चौथी : ज्या माणसाला ही गाडी चालती असतांनाचा आवाज आठवतो, तो माणूस जवळ बसवा.

ठरल्या दिवशीं ते आले आणि आधीं गाडीकडे न पाहतां उकिडवे बसून जमीन पाहूं लागले. एका डागास बोट लावून वास घेतला; हें इंजिनाचें तेल. दुसरा डाग मागच्या चाकाशीं होता, हें ब्रेकचें. तिसरा पाण्याचा, पण गंजाच्या रंगाचा. एवढ्यावरून गाडीच्या पोटांतलें निम्में दुखणें त्यांना कळलें. मग टाकींतलें नऊ वर्षांचें पेट्रोल काढलें. त्याला वार्निशासारखी घाण येत होती. चारी प्लग खोलून त्या भोंकांतून थोडथोडें तेल आंत सोडलें आणि हात पुसून म्हणाले, “झालें. आठ दिवसांनीं येतों.”

दादांचे धाकटे बंधु म्हणाले, “आज चालू नाहीं करणार?”

“नऊ वर्षें निजलेल्या माणसाला कोणी पाणी मारून उठवतो काय? आंतलें सगळें सुकलेलें आहे. आज जोर लावला तर जें शाबूत आहे तेंहि मोडेल. तेलाला मुरूं द्या.”

आठ दिवसांनीं ते पुन्हां आले. बरोबर बॅटरी, नव्या नळ्या व डेल्कोचें सामान होतें; तें त्यांनीं कुर्ल्याहून शोधून आणलें होतें. प्रथम इंजिन हातानें फिरविलें; तें सुटें फिरलें तेव्हां त्यांच्या तोंडावर पहिल्यानें समाधान दिसलें. टाकीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून पेट्रोलची एक बाटली वर टांगून नळी लावली, सलाईन लावतात तशी. आणि मग विचारलें, “आवाज आठवणारें माणूस कोठें आहे?”

दादा पुढें झाले. परंतु दादांनीं गाडी नेहमीं आंत बसूनच ऐकलेली. मिस्त्री म्हणाले, “आंतून नव्हे. बाहेरून कोणी ऐकली आहे?”

तेव्हां काकूंना खालीं आणावें लागलें. काकू एक्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांना खुर्ची दिली. गाडीविषयीं कोणास गहिंवर वगैरे आला असेल तर तो काकूंना मुळींच नव्हता. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे एवढें कौतुक करतां, पण आठवड्याचे सहा दिवस ती झांकलेलीच असायची. पेट्रोलला पैसे कोठें होते? रविवारीं नेत, तेंहि मोजून मापून. बाकी मला विचाराल तर ती कोपऱ्यावर वळली कीं मी भाताचें आधण चढवीत असें. पानें मांडीपर्यंत हे हातपाय धुऊन येत.”

मिस्त्री म्हणाले, “आई, मला तेंच पाहिजे.”

इंजिन तीन वेळां खोकलें आणि चौथ्या वेळीं चाललें. पोरांनीं टाळ्या पिटल्या. मिस्त्रींनीं हातानें त्यांना गप्प केलें. काकूंनीं मान तिरपी केली. थोड्या वेळानें म्हणाल्या, “अशी ठोकत नव्हती.” मिस्त्रींनीं इंजिन बंद केलें, वरचें झांकण काढलें, एक पातळ पट्टी आंत सरकवून कसले तरी पेंच फिरविले आणि पुन्हां चालू केलें. आतां आवाज अगदीं शांत झाला. आम्हां सगळ्यांना वाटलें, जिंकलें. काकू म्हणाल्या, “आतां फारच गप्प आहे. थोडी टिकटिक होतीच. शिवणयंत्र दूरच्या खोलींत चाललेलें असावें तशी.”

मिस्त्री हंसले. “आई बरोबर बोलल्या. टॅपेट अगदीं गप्प केलें कीं ऐकायला बरें वाटतें, पण गाडी तापली म्हणजे झडप नीट मिटत नाहीं आणि जळते. थोडी टिकटिक पाहिजेच. मी मुद्दाम आवळून पाहिलें, यांना खरोखर आठवतें कीं उगाच हो म्हणतात.” तिसऱ्यांदां त्यांनीं पेंच फिरविले, काकूंनीं मान डोलाविली आणि “मला वर न्या” म्हणाल्या.

मी संस्कृताचा विद्यार्थी. वेदांस आपण श्रुति म्हणतों, ऐकलेलें म्हणतों, त्याचा अर्थ मीं मुलांना चौतीस वर्षें फळ्यावर लिहून सांगितला. तो मला स्वतःला नीट कळला तो डहाणूकरवाडीच्या त्या अंगणांत, असें म्हटल्यास वाचकांनीं हंसूं नये.

त्या दुपारीं मिस्त्री आमच्याच पंक्तीस जेवावयास बसले. जेवतांना दादांनीं सहज विचारलें, शिक्षण किती झालें? ते म्हणाले, “चौथी. गणित येत नव्हतें. मास्तर म्हणाले, हा पुढें गॅरेजांत पान्हे पुसणार. मास्तर म्हणाले तें खरें झालें.” आणि मोकळेपणानें हंसून त्यांनीं आमटी मागून घेतली.

सगळे हंसले. मला हंसतां आलें नाहीं. ते मास्तर मी नव्हतों. ती शाळा संगमेश्वराकडची, आणि तेव्हां मी स्वतःच लहान होतों. परंतु तें वाक्य माझें होतें. धातुरूपें न येणाऱ्या किती मुलांना मीं तें ऐकविलें असेल, याची मोजदाद नाहीं. मी तें वाईट बुद्धीनें म्हणत नव्हतों. मूल अभ्यासास लागावें म्हणूनच म्हणत होतों. पण ज्या विद्येस दहा-दहा वर्षांची उमेदवारी लागते, ती विद्या धाकाची वस्तु म्हणून मुलांपुढें धरणें ही अविद्याच. आपल्या घरांतून हा दोष जुना आहे. हात काळे होणारें काम दुसऱ्यानें करावें, आणि आपण त्याचें बिल तपासावें, अशी आपली समजूत. त्या बिलांत दोनशें रुपये जास्त लागले तर आपण चार दिवस बोलतों. परंतु हें काम जाणणारा माणूस जगांतून नाहींसा होत आहे, याची आपणांस खबरहि नसते.

प्रायश्चित्त म्हणा कीं आणखी कांहीं म्हणा, त्या दिवसापासून मी मिस्त्रींचा लेखनिक झालों. त्याची सुरुवात अशी झाली. निघतांना ते घड्याळाकडे पाहत होते. सकाळीं दहिसर, दुपारीं कांदिवली, आणि संध्याकाळीं मुलुंडास एकजण वाट पाहत होता. मीं विचारलें, एका दिवसांत दहिसर आणि मुलुंड कशासाठीं? ते म्हणाले, “ज्याचा दूरध्वनि आला त्याच्याकडे जायचें. नाहीं कसें म्हणायचें?”

वाचकहो, शाळामास्तराला दुसरें कांहीं येवो न येवो, वेळापत्रक करतां येतें. मीं त्यांच्याकडून सगळ्या गिऱ्हाइकांचीं नांवें घेतलीं. दहिसरपासून अंधेरीपर्यंत अकरा घरें निघालीं. चार फियाट, दोन ॲम्बॅसडर, एक हेरल्ड, एक मॉरिस मायनर, एक लँडमास्टर, एक जीप आणि एक ऑस्टिन. विलायतेंतले शौकीन ‘व्हिंटेज’ हा शब्द १९१९ पासून १९३० पर्यंतच्या गाड्यांपुरताच राखून ठेवतात. त्या हिशेबानें या अकरांतली एक ऑस्टिन तेवढी त्या पदवीस पात्र. आपल्या सरकारनें मात्र २०२१ सालीं नियम करून पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपांत असलेल्या गाड्यांस ती पदवी दिली आहे, तेव्हां आमच्या काकांची फियाटहि सन्मानानें तींत बसते.

वेळापत्रक साधें आहे. महिन्याचा पहिला शनिवार दहिसर-बोरीवली, दुसरा कांदिवली-मालाड, तिसरा गोरेगांव ते अंधेरी. चौथा मोकळा, ज्याची गाडी अडली त्याच्यासाठीं. मध्य रेल्वेच्या बाजूचीं घरें इतर वारीं. पावसाळ्यांत उघड्या अंगणांतलें काम बंद. त्या दिवसांत ते घरीं बसून कार्बुरेटर व पंप खोलतात. ज्या शनिवारीं जीं घरें, त्यांनीं मिस्त्रींचा प्रवासखर्च आपसांत वांटून घ्यावयाचा, एकानें जेवण द्यावयाचें, आणि दिवसाची मजुरी आधीं ठरलेली असावयाची. या शेवटल्या गोष्टीस त्यांनीं आढेवेढे घेतले. आजपर्यंत लोक देतील तें ते घेत, आणि लोक काय देतात हें मी येथें लिहीत नाहीं. मीं त्यांना सांगितलें कीं, मिस्त्री, दक्षिणा आणि मजुरी यांत फरक आहे. दक्षिणेंत यजमानाचें मन दिसतें, मजुरींत कामाची किंमत दिसते.

वेळापत्रकाचा एक उपयोग मात्र मला आधीं सुचला नव्हता. एकाच दिवशीं शेजारशेजारचीं घरें आल्यामुळें मालक एकमेकांकडे जाऊं लागले. मालाडच्या गृहस्थाकडे अधिकची एक डिकीची कडी निघाली, ती कांदिवलीस आली; आमच्याकडचा जुना हॉर्न बोरीवलीस गेला. आणि एके दिवशीं मिस्त्री म्हणाले, “पार्ल्याच्या सूनबाई कार्बुरेटर माझ्यापेक्षां स्वच्छ करतात. त्यांचीं बोटें बारीक आहेत. त्या घरीं तेवढें काम मी आतां करीत नाहीं.”

तें ऐकलें आणि मला एकदम पतंजलि आठवला. त्यानें महाभाष्यांत ऋग्वेदाच्या एकवीस शाखा सांगितल्या आहेत. आज पठणांत मुख्यत्वेंकरून एक शाकल उरली. बाकीच्या कोणी जाळल्या नाहींत, कोणी लुटल्या नाहींत. जीं घरें त्या म्हणत होतीं त्या घरांत म्हणणारा राहिला नाहीं, एवढेंच झालें. जी राहिली ती पुष्कळ घरांनीं धरून ठेवली म्हणून राहिली. मीं मिस्त्रींना म्हटलें कीं, तुमचा एकच शिष्य असावा असा हट्ट सोडा. तुमचा मुलगा भाड्याच्या गाड्या चालवितो, तो या धंद्यांत येणार नाहीं. त्याला नांवें ठेवूं नका. त्यापेक्षां प्रत्येक घरीं एक पाठ द्या. पार्ल्यास कार्बुरेटर, बोरीवलीस, जेथें एक निवृत्त बँक-अधिकारी आहेत, तेथें विजेच्या तारा, गोरेगांवीं डेल्को, मालाडास पाटे. मग ज्याला ज्याची अडचण तो त्या घरास विचारील.

मिस्त्रींना हें पटलें कीं नाहीं हें त्यांनीं सांगितलें नाहीं. पण पुढच्या वेळीं आमच्याकडे आले तेव्हां दादांच्या नातीच्या हातांत ती पातळ पट्टी देऊन म्हणाले, “धर.” मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षास आहे. काकू गॅलरींतून ऐकत होत्या. पहिल्या खेपेस त्यांनीं वरूनच “नाहीं” म्हटलें, दुसऱ्या खेपेसहि “नाहीं.” पांचव्या खेपेस कांहींच बोलल्या नाहींत, तेव्हां मुलीनें झांकण लावलें.

मी बाजूस बसून लिहून घेत असतों. आतांपर्यंत दोन वह्या झाल्या. परंतु लिहिण्यानें सगळें साधतें असें नाहीं. एक पेंच किती आवळावा, असें मीं विचारलें. उत्तर आलें, “पुरेसा.” मीं तें तसेंच लिहिलें आणि पुढें प्रश्नचिन्ह घातलें. तें प्रश्नचिन्ह अजून तसेंच आहे. मात्र दादांच्या नातीला तें कळलेलें दिसतें.

ज्या वाचकांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांच्या उपयोगासाठीं त्या वह्यांतल्या कांहीं गोष्टी येथें देतों. हल्लीं पेट्रोलांत मद्यार्क मिसळलेला असतो. २०२५ सालीं हें मिश्रण वीस टक्क्यांवर आलें. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पॅकिंगें त्याच्या संगतींत फुगतात व चिरतात, आणि तें पेट्रोल हवेंतलें पाणीहि ओढून घेतें. म्हणून नळ्या बदलून नव्या जातीच्या घालाव्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकींत पेट्रोल ठेवूं नये. २००० सालच्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे शिसें घातलेलें पेट्रोल बंद झालें. झडपांच्या बैठकीस तें शिसें एक प्रकारचें वंगण होतें. सबब जुनें इंजिन लांबच्या रस्त्यावर फार पिटाळूं नये, आणि टॅपेटांची फट वरचेवर पाहावी. सरकारी नोंदणीसंबंधीं म्हणाल तर व्हिंटेज गाडीच्या नव्या नोंदणीस २०,००० रुपये व दहा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे. जिची पूर्वींची नोंदणी आहे तिला आपला जुना क्रमांक राखतां येतो. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामास वापरतां येत नाहीं; प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशाच कारणांनीं ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. भाजी आणावयास ती नेण्याचा विचार असेल त्यांनीं हें आधीं ध्यानांत घ्यावें.

शेवट विचाराल तर तो अजून झालेला नाहीं. काकांची गाडी वसईस एका आप्तांच्या पत्र्याच्या शेडमध्यें आहे. ती स्वतःच्या चाकांवर तेथपर्यंत गेली. मिस्त्री पुढच्या आसनावर, दादा चालवीत, आणि मी मागें वह्या सांभाळीत. दादांच्या धाकट्या भावानें शेडच्या भाड्याचा आपला हिस्सा दिला. परंतु त्याचें मत त्यानें बदललेलें नाहीं. तीन वर्षांनीं पुन्हां बोलूं, असें तो म्हणतो, आणि त्याच्या म्हणण्यांतहि तथ्य आहे. वस्तु ठेवणें म्हणजे तिचा भार कोणीतरी वाहणें, आणि तो भार नेहमीं जवळ राहणाऱ्यावर पडतो.

आणखी एक गोष्ट उरली आहे. पाठ वांटले गेले, पण ब्रेकचा पाठ मिस्त्रींनीं अजून कोणत्याहि घरास दिलेला नाहीं. “तें काम मी आहें तोंवर मीच करणार. कार्बुरेटर चुकला तर गाडी थांबत नाहीं का, थांबते. ब्रेक चुकला तर थांबत नाहीं.” हें त्यांचें उत्तर. अकराहि घरांच्या मालकांना तें पटतें, आणि म्हणूनच अकराहि घरांना काळजी वाटते. मी दर शनिवारीं एकदां तो विषय काढतों. गेल्या खेपेस ते कांहीं बोलले नाहींत. मात्र मागचें चाक खोलतांना त्यांनीं दादांच्या नातीस दिवा धरावयास जवळ उभें केलें, आणि तिला दिसेल अशा बेतानें स्वतः जरा बाजूस बसले. त्या दिवशीं मीं वही उघडली नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति कीं, तुमच्या दारीं असा कोणी कारागीर येईल, मग तो मोटारीचा असो, घड्याळाचा असो कीं पेटीचे सूर लावणारा असो, त्या दिवशीं त्याला एकटा सोडून घरांत जाऊन बसूं नका. घरांतल्या एका मुलास वा मुलीस त्याच्याजवळ दिवा धरावयास उभें करा.